सुटलेला फर्मा

वाचनालयाच्या तळघरात बसून एकतीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या त्या माणसानं त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, आणि याचा त्याला अभिमान होता. “डॉक्टर काय पेशंटच्या गप्पा ऐकत बसतो का?” असं तो विचारायचा. खरं तर डॉक्टरांनी ऐकायलाच हवं, पण बाइंडरशी वाद घालायला कोणी जात नसे. तो काटकोनाचा भक्त होता. पुठ्ठा केसभर तिरका बसला तरी उचकटून पुन्हा चिकटवायचा. वरच्या मजल्यावरची मंडळी पाठीमागं त्याला ‘गुण्या’ म्हणत. गुण्या म्हणजे सुतार ज्यानं काटकोन तपासतात ते हत्यार. त्याला हे माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

एका सोमवारी ग्रंथपालबाई कापडी पिशवी घेऊन खाली आल्या आणि त्यांनी ती टेबलावर उपडी केली. कागदांचा ढीग पडला.

“हे काय?” बाइंडरनं विचारलं.

“कादंबरी.”

“कादंबरीला पाठ असते, पुठ्ठा असतो.”

“होता हो. एका वाचकाच्या हातून जिन्यावरून पडली. शिलाई आधीच गेली होती. बिचाऱ्यांनी जमेल तसं गोळा करून आणलं. एका व्हायोलिनवाल्याची गोष्ट आहे. शनिवारी जुन्या पुस्तकांची छाननी आहे, काका. तोवर उभी राहिली तर कपाटात, नाहीतर रद्दीत. दुसरी प्रत मिळायची नाही. छापणारेही दुकान बंद करून गेले.”

पुस्तक छापताना एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्याची घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. असे पंचवीस फर्मे एकावर एक ठेवून शिवले की चारशे पानांचं पुस्तक होतं. विस्कटले तर पानांचे आकडे बघून लावायचे, अगदी पोरखेळ. बाइंडरनं वरचा फर्मा उचलला, पानाच्या तळाशी आकडा पाहायला गेला आणि थांबला. आकडा नव्हता. दुसऱ्या फर्म्यावर नव्हता, दहाव्यावरही नव्हता. मागं कोणीतरी हे पुस्तक बांधताना खालची कड इतकी आत घेऊन कापली होती की पानांचे आकडे कडेबरोबर गेले होते.

“कुठल्या गाढवानं कापलंय हे?” तो म्हणाला.

ते ग्रंथपालबाईंना माहीत नव्हतं. त्या वर गेल्या. बाइंडरनं जुन्या पाठीचं कापड सोलून काढलं. पाठीच्या आतल्या बाजूला, कोणी बघणार नाही अशा जागी, बाइंडर लोक पेन्सिलीनं तारीख घालतात आणि आपली खूण करतात. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची होती. खूण काटकोनाची होती.

त्या वर्षी तळघरात नवं कटिंग मशीन आलं होतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे नऊ महिने चालले असावेत. हाती येईल त्याच्या कडा तो साफ करत सुटला होता. म्हणजे गाढव सापडलं. त्यानं तो कापडाचा तुकडा टोपलीत न टाकता खिशात घातला, न जाणो कोणी पाहिला तर.

आकडे नसले तरी मार्ग असतो. फर्म्याचं शेवटचं वाक्य अर्धवट तुटलेलं असतं आणि पुढच्या फर्म्यावर ते पुरं होतं. बाइंडर शेपट्या आणि तोंडं जुळवत बसला. ‘त्यानं खिडकी उघडली आणि’ इथं एक फर्मा संपला, तर ‘वाऱ्यानं कागद उडाले’ असा दुसरा निघाला. संध्याकाळपर्यंत चोवीस फर्मे रांगेत लागले. पंचविसावा हातात राहिला.

हा फर्मा एका प्रकरणानं सुरू होत होता आणि त्याच प्रकरणानं संपत होता, सोळा पानं बरोब्बर. त्याला ना शेपूट ना तोंड. प्रकरणांना क्रमांक नव्हते. रांगेत दोन ठिकाणी असा सांधा होता, जिथं मागचा फर्मा प्रकरण संपवून थांबला होता आणि पुढचा नवीन प्रकरण उघडत होता. एक सांधा पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांशात होता, दुसरा शेवटाजवळ. फर्मा दोन्हीकडे बसत होता. वाळवीनं एखादं भोक पाडलं असतं तर लगतची पानं कुठली ते कळलं असतं. या बाबतीत वाळवीनंही दगा दिला होता. आता वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्यानं खळ शिजायला ठेवली आणि पहिला फर्मा उघडला. शिक्षा भोगायला बसल्यासारखा तो ताठ बसला होता. दहाएक पानांनंतर जळका वास आला. खळ करपली होती. एकतीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं गॅस बंद केला, भांडं तसंच सोडलं आणि पुढं वाचायला लागला.

गोष्ट तशी साधी होती. एक व्हायोलिनवादक, त्याची बायको, लहान मुलगा, दोन खोल्या. वादकानं मुलासाठी एक धून बांधलेली असते. एक दिवस मोठ्या वाद्यवृंदातून बोलावणं येतं आणि तो निघून जातो. पत्रं येतात, मग विरळ होतात, मग बंद. वर्षं जातात. एका प्रवासात रेल्वेच्या डब्याचा दरवाजा त्याच्या डाव्या हातावर आपटतो आणि करंगळी कायमची वाकडी होऊन बसते. वाद्यवृंदातून त्याला काढतात. शेवटच्या प्रकरणात मुलगा मोठा झालेला असतो आणि ती धून एकटाच गुणगुणत जिना उतरतो.

आणि तो सुटलेला फर्मा असा होता: वादक आपल्या स्वयंपाकघरात बसून ती धून वाजवतो. बायको पाठमोरी उभी आहे, मुलगा दारात आहे, कोणी फारसं बोलत नाही. एवढंच. हे आधी घातलं तर तो घर सोडण्यापूर्वीचा शेवटचा चांगला दिवस होत होता. नंतर घातलं तर गेलेला माणूस परत आला होता. मुलाचं वय म्हणून कुठं लिहिलेलं नव्हतं. लेखकानं सगळं सांगितलं होतं, स्टोव्हवरचा डाग सांगितला होता, पण वय सांगितलं नव्हतं. बाइंडरला त्याचा राग आला.

पण राग येण्याइतपत आपण गुंतलो आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. त्याला वाचायला मजा येत होती. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्या पानांत काहीतरी वाजत होतं. तारा जुळवण्यावर पाऊण पान होतं. दोन सूर एकमेकांजवळ येताना आवाजात एक थरथर असते आणि ते मिळाले की ती थांबते, असं लिहिलेलं. त्यानं ते चारदा वाचलं. पुठ्ठा काटकोनात बसतो तेव्हा बोटांना जे कळतं, तेच हे. बुधवारी दुसरंच एक पुस्तक शिवताना त्याचा दोरा त्या धुनीच्या ठेक्यात ओढला जात होता. ती धून त्यानं कधी ऐकलेली नव्हती. पुस्तकात म्हटलं होतं, चार सूर चढतात, वरचा थांबतो, तीन उतरतात. तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

मग रियाजाचं प्रकरण आलं. वादक रोज सकाळी तासभर साधी सरगम वाजवतो. शेजारी विचारतो, “अजून जमत नाही का?” वादक म्हणतो, “जमतं म्हणून तर वाजवतो.”

इथं बाइंडरनं पुस्तक खाली ठेवलं. भिंतीपलीकडून अकरा वर्षं रोज सकाळी त्यानं तेच ऐकलं होतं, आणि शेजाऱ्याचा तो प्रश्न त्यानं स्वतःच्या लेकीला शब्दशः विचारला होता. एकदा नव्हे, चांगला पन्नासएक वेळा.

लेक व्हायोलिन वाजवायची. आता दुसऱ्या शहरात एका वाद्यवृंदात पगारी वादक होती. चार वर्षं ती बापाशी बोललेली नव्हती. भांडण असं मोठं झालंच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. मोठं भांडण मिटवता येतं.

झालं असं होतं. तिला नोकरी लागली तेव्हा बापाला आनंद झाला. आनंद दाखवायची त्याला एकच पद्धत माहीत होती. अकरा वर्षांत जमलेले तिचे नोटेशनचे सुटे कागद, कोपरे दुमडलेले, लहानमोठे, त्यानं गुपचूप तळघरात नेले आणि निळ्या कापडात बांधले. पाठीवर सोनेरी अक्षरं घातली. कागद एकसारखे नव्हते म्हणून चारी बाजूंनी इंचभर कड कापली. वही इतकी देखणी झाली की ग्रंथपालबाईंनी ती सगळ्यांना दाखवली. लेकीनं वही उघडली, पाच-सहा पानं उलटली आणि विचारलं, “बाबा, कडेचं कुठाय?”

तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई कागदाच्या कडेला पेन्सिलीनं खुणा करायच्या, बारीकसारीक सूचना लिहायच्या. बाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

“कडेला काय असतं?” बाप म्हणाला होता. “मळ असतो. बघ तरी वही कशी झालीये.”

लेकीनं वही मिटून टेबलावर ठेवली. दोन दिवसांनी ती नोकरीच्या गावी गेली, वही न घेता. तेव्हापासून दुपारी दीडला तिची तालमीतली सुटी झाली की आईला फोन यायचा. बाप त्या दिवशी जेवायला घरी असला तर आई म्हणायची, “बाबा बसलेत इथं.” पलीकडून उत्तर यायचं, “बरं.” बाइंडर आपल्या ताटाकडे बघायचा.

एक गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितलेली नव्हती. मशीनचं पातं खाली आलं आणि पट्ट्या गळून पडल्या तेव्हा त्यांवरचं ते पेन्सिलीचं लिखाण त्यानं पाहिलं होतं. पाहिलं आणि पुढचा गठ्ठा पात्याखाली सरकवला, कारण एक बाजू कापून तीन तशाच ठेवल्या तर काटकोन साधत नाही.

गुरुवारी सकाळी तो वर गेला. “तुम्ही ही कादंबरी वाचली होती का हो?”

“कॉलेजात असताना,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “काय सुंदर आहे! मी ढसाढसा रडले होते.”

“कशासाठी? तो परत येतो म्हणून, की येत नाही म्हणून?”

बाईंनी बराच विचार केला. “ते नाही आठवत. रडले होते एवढं नक्की.”

तो खाली आला. फर्मा नंतरचा असावा असं त्याला वाटत होतं, आणि म्हणूनच त्याचा स्वतःवर विश्वास नव्हता. मनात आलं म्हणून आपल्याला हवं तसं करून टाकायचं, असं लेकीच्या वहीचं एकदा करून झालं होतं. या वेळी विचारायला हवं होतं, आणि ज्याला व्हायोलिनमधलं कळतं असं त्याच्या ओळखीत एकच माणूस होतं.

दीड वाजून तीन मिनिटांनी त्यानं फोन लावला.

“बाबा? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. कामाचं विचारायचं होतं.”

“कसलं काम?”

“व्हायोलिनचं.”

पलीकडे कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. लेकीनं फोन ठेवला नाही. बाइंडरनं त्या संधीत सगळं सांगून टाकलं: जिना, पिशवी, आकडे, पंचविसावा फर्मा. आकडे कोणी कापले तेही सांगितलं.

“तुम्ही कादंबरी वाचताय?” तिनं विचारलं.

“वाचावी लागली.”

“वाचा बघू, तो वाजवतो तिथलं.”

एकतीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या या बापानं लेकीला कधी काही वाचून दाखवलं नव्हतं. तो अडखळत वाचू लागला. चार सूर चढले. “ ‘वरच्या सुराशी त्याचा हात तारेवरून अलगद वर सरकला आणि तिसऱ्या बोटानं तो सूर टेकला. दारातल्या मुलानं श्वास रोखला. सूर मिळाला तेव्हा–’ ”

“थांबा. हात सरकला?”

“सरकला.”

“तिसऱ्या बोटानं? मागं परत वाचा, त्याआधीचे सूर.”

त्यानं परत वाचलं. पलीकडे ती तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होती. टेबलावर बोटं आपटल्याचा आवाज आला.

“बाबा, त्या सुराला हात हलवावाच लागत नाही. हात आहे तिथंच ठेवून करंगळी टेकवली की झालं. पहिल्या वर्षाची पोरंही तसंच घेतात. एवढा मोठा वादक कशाला हात सरकवत बसेल? करंगळी चालत नसेल तरच असं करावं लागतं. हे मी वाजवतेय म्हणून कळलं, नाहीतर कोणाच्या लक्षात यायचं नाही.”

बाइंडर उभा राहिला. “करंगळी मोडते त्याची. डब्याच्या दारात. पुढं, तीनशेव्या पानाच्या आसपास.”

“मग हा फर्मा त्याच्या नंतरचा.”

“म्हणजे तो परत येतो.”

“येतो,” लेक म्हणाली.

तळघरात दोन ट्यूबलाइट होत्या, त्यातली एक गुणगुणत होती. बाइंडरला फार बरं वाटलं, इतकं की एका कादंबरीतल्या माणसासाठी एवढं बरं वाटावं याची त्याला लाज वाटली. मग त्याला दुसरंच काही सुचलं आणि ते बरं वाटणं जागच्या जागी विरलं.

“तुझ्या बाई,” तो म्हणाला, “कडेला हेच लिहायच्या का? इथं तिसरं बोट, इथं करंगळी?”

“हेच. आणखीही असायचं. कुठं थांब, कुठं घाई करू नकोस. एका ठिकाणी ‘आज छान’ असं होतं. अकरा वर्षांत एकदाच.”

“मी मळ म्हणालो होतो.”

“हो.”

“चुकलं माझं. पाहिलं होतं मी, कापताना. पाहून कापलं.”

त्यानं फोन कानापासून दूर करून पाहिला. चालू होता.

“सुटी संपली,” ती म्हणाली. “जाते. ती निळी वही टाकलीत का?”

“कपाटावर आहे.”

“मला बरंचसं पाठ आहे अजून. कधीतरी लिहून काढायचं म्हणत होते. पण त्या वहीत लिहायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही.” आणि तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी त्यानं कादंबरी शिवली. पंचविसावा फर्मा शेवटाजवळच्या सांध्यात गेला, म्हणजे तो आता तेविसावा झाला. आकड्यांना तळाशी जागा नव्हती म्हणून चारशे पानांच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडे घातले. शनिवारी ग्रंथपालबाईंनी पुस्तक हातात घेऊन फिरवून पाहिलं.

“कडा वरखाली दिसताहेत, काका. कापायच्या राहिल्या का?”

“राहू देत.”

बाईंनी त्याच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. “बरं, येतो का तो परत?”

“वाचा की,” गुण्या म्हणाला. आणि खाली गेला.

रविवारी सकाळी त्यानं घरातलं जेवणाचं टेबल रिकामं केलं, वर जुनी चादर पसरली आणि कपाटावरून निळी वही काढली. धूळ पुसली. मग पात्यानं स्वतःचीच शिलाई कापली आणि एकशे चाळीस कागद सुटे केले. आपण बांधलेलं पुस्तक मोडायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती. पक्कं बांधलं होतं, निघता निघेना. शेजारी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. प्रत्येक कागदाच्या कडेला तो हलक्या हातानं खळ लावी, पट्टी जोडी, हाडाच्या पट्टीनं दाबून सांधा सपाट करी आणि कागद वाळत घाले. दुपारपर्यंत खुर्च्या, पलंग, खिडकीची चौकट सगळीकडे कागद झाले. बायकोला बसायला जागा उरली नाही.

तिनं एक कागद उचलून पाहिला. मधे नोटेशन आणि चहूबाजूंनी पांढराशुभ्र रुंद काठ. जुन्या कागदाचा पिवळा आणि नव्याचा पांढरा असा सांधा उघड दिसत होता. नवऱ्याच्या हातचं इतकं विजोड काम तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

“अहो, केवढी जागा सोडलीत ही! तिला लिहायला बोटभर पुरली असती.”

“नाही पुरायची,” तो मान वर न करता म्हणाला. “तिच्या बाईंचं अक्षर मोठं होतं.”